रुग्णालयाची कुलपे आणि किल्ल्या : निवड, व्यवस्था व जबाबदारी



वार्षिक अहवालाच्या या पानांवर रुग्णालयाच्या कामकाजातील एखाद्या अंगाची माहिती विस्ताराने देण्याचा आपला प्रघात आहे. यंदाचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. नवे यंत्र, नवा विभाग किंवा शिबिर यांऐवजी आम्ही कुलूप-किल्लीविषयी लिहीत आहोत. दाराला कुलूप लावणे हे घरातले लहान मूलही जाणते. त्यात समजावून सांगण्यासारखे ते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. काही काळापूर्वीपर्यंत आमचाही समज तसाच होता. तो का बदलला, हे प्रथम सांगणे आवश्यक आहे.

एका रात्रीचा अनुभव

पावसाळ्याचे दिवस होते. कपाशीच्या शेतात निंदणी करताना एका शेतमजूर बाईला घोणस चावली आणि अंधार पडल्यावर तिला बैलगाडीने रस्त्यापर्यंत व तेथून रिक्षाने आपल्या रुग्णालयात आणण्यात आले. रात्रपाळीचे डॉक्टर व परिचारिका तत्पर होते. सर्पदंशावरील प्रतिविष आपल्या भांडारात पुरेसे होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांवर चालणाऱ्या त्या औषधाचा साठा पावसाळ्यापूर्वीच करून ठेवण्यात आला होता. मात्र भांडाराला कुलूप होते आणि किल्ली भांडारपालांच्या खिशात होती. ते त्या दिवशी एका लग्नासाठी आपल्या गावी गेले होते. दुसरी किल्ली कार्यालयाच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि त्या कपाटाची किल्ली आमच्या घरी होती.

शेवटी वॉर्डबॉयने जनित्राच्या खोलीतून हातोडा आणून कोयंडा तोडला. या सगळ्यात सुमारे पंचवीस मिनिटे गेली. बाहेर बाकावर बसलेल्या त्या बाईच्या नवऱ्याने एवढेच विचारले, "दवाई शे, मंग ती कुलुपमा कसाले?"

सुदैवाने ती बाई वाचली. प्रतिविषाची पहिली मात्रा देऊन तिला पुढील उपचारांसाठी धुळ्यास हलविण्यात आले व काही दिवसांनी ती चालत घरी गेली. परंतु ती वाचली म्हणून आम्ही निर्दोष ठरत नाही. भांडारपालांचाही यात दोष नव्हता. त्याआधी एकदा औषधांच्या साठ्यात तूट आढळली होती. तेव्हा आम्हीच लेखी आदेश काढून भांडाराची किल्ली एकाच व्यक्तीच्या ताब्यात ठेवण्याची सक्त सूचना दिली होती. तो आदेश हिशेबाच्या दृष्टीने बरोबर व रुग्णाच्या दृष्टीने चुकीचा होता. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला मालाची तूट तत्काळ दिसते. वेळेची तूट मात्र वहीत कोठेच लिहिली जात नाही.

दुसऱ्याच दिवशी विश्वस्त मंडळाला झालेला प्रकार लेखी कळविण्यात आला आणि सर्व कुलपांची पाहणी करण्याचे ठरले. त्या पाहणीतून जे शिकता आले, ते येथे देत आहोत. शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालये, गोदामे व दुकाने चालविणाऱ्या वाचकांनाही ते उपयोगी पडावे.

कुलूप नेमके काय करते

आपल्याकडील जुन्या वाड्यांत आतून अडसर आणि बाहेरून साखळी-कोयंडा एवढीच व्यवस्था असे. घरात माणूस सतत असल्याने ती पुरतही असे. पुढे कारखान्यात बनलेली कुलपे आली. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत कुलपांचा व्यवसाय सुरू केला. उत्तर प्रदेशातील अलीगढ आणि तमिळनाडूतील दिंडिगल ही गावे तर कुलपांसाठीच प्रसिद्ध आहेत. दिंडिगलच्या कुलपाला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

आज बाजारात मिळणारी बहुतेक कुलपे दोन जातींची असतात. पहिली जात लिव्हरची. कुलपाच्या पोटात धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि किल्लीचे दाते प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीपर्यंत उचलतात. एखादी पट्टी थोडी कमी किंवा थोडी जास्त उचलली गेली तरी खटका सरकत नाही. पट्ट्या जितक्या अधिक, तितके ते कुलूप चुकीच्या किल्लीने उघडणे अवघड. दुकानदार 'सहा लिव्हर', 'आठ लिव्हर' असे म्हणतात, त्याचा अर्थ हाच. दुसरी जात पिनांच्या सिलिंडरची. तिच्यात स्प्रिंगवर बसविलेल्या लहान पिनांच्या जोड्या असतात. योग्य किल्ली आत गेली की सर्व जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात व सिलिंडर फिरते. अमेरिकेतील लायनस येल धाकटे यांनी १८६१ साली या रचनेला आजचे रूप दिले. पिनांचे मूळ तत्त्व मात्र प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांइतके जुने आहे.

अभेद्य कुलूप मिळेल काय, असे आम्हाला एका विश्वस्तांनी विचारले होते. याचे उत्तर १८५१ सालीच मिळून गेले आहे. त्या वर्षी लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या निमित्ताने आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने तोवर अजिंक्य मानली गेलेली चब व ब्रामा या दोन नामांकित कारखानदारांची कुलपे उघडून दाखविली. चबचे कुलूप त्याने थोड्याच वेळात उघडले. ब्रामाच्या कुलपाला त्याला अनेक दिवस मिळून पन्नासहून अधिक तास लागले. कोणतेही कुलूप चोराला कायमचे थांबवीत नाही, ते त्याचा वेळ घेते, हा त्या घटनेचा अर्थ. म्हणून रुग्णालयापुरते आम्ही एक सूत्र ठरविले. ज्याला आत जाण्याचा अधिकार नाही, त्याला लागणारा वेळ वाढला पाहिजे. ज्याला अधिकार आहे, त्याला लागणारा वेळ कमी झाला पाहिजे. जे कुलूप दोघांचाही वेळ सारखाच वाढविते, ते रुग्णालयाच्या कामाचे नाही.

दारांची वर्गवारी

पूर्वी आपल्याकडे सर्व दारांना सारखीच लटकती कुलपे होती, कारण ती एकदम घाऊक भावाने घेतली होती. आता प्रत्येक दारापुढे उभे राहून तीन प्रश्न विचारले. आत काय आहे? ते कोणाला, किती घाईने लागते? आणि आत माणूस अडकू शकतो काय?

या प्रश्नांच्या उत्तरांवरून चार वर्ग पडले. पहिल्या वर्गात रोकड, नोंदी व नियंत्रित औषधे येतात. येथे मजबूत मॉर्टिस कुलूप, म्हणजे दाराच्या जाडीतच बसविलेले कुलूप योग्य. रोख तिजोरीत राहते. गर्भपातविषयक २००३ च्या नियमांनुसार त्या रुग्णांची प्रवेश-नोंदवही गोपनीय दस्तऐवज मानली जाते आणि ती सुरक्षित ताब्यात ठेवावी लागते. तिच्यासाठी स्वतंत्र कुलूपबंद कपाट आहे. एखाद्या स्त्रीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्या कपाटात असते, याचे भान आम्ही कर्मचाऱ्यांना आवर्जून देतो.

नियंत्रित औषधांबाबत थोडे अधिक सांगावयास हवे. मॉर्फिनसारखी वेदनाशामके कर्करोगाच्या रुग्णाला असह्य यातनांतून सोडवितात, पण गैरवापराच्या भीतीने ती दीर्घकाळ सहज मिळत नव्हती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना देशभर एकसारखे नियम लागू झाले. हे औषध जपून ठेवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते तळमळणाऱ्या रुग्णाला वेळेवर मिळणेही महत्त्वाचे. यासाठी कपाटात कपाट आणि दोन कुलपे ही पद्धत सोयीची असते : बाहेरची किल्ली पाळीच्या प्रमुख परिचारिकेकडे व आतली कर्तव्यावरील डॉक्टरांकडे. दोघेही रुग्णालयातच असतात, त्यामुळे उशीर होत नाही; आणि एकट्याला उघडता येत नाही, त्यामुळे संशयही राहत नाही. बँकेचा लॉकर उघडताना आपली आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात, तोच हा न्याय.

दुसऱ्या वर्गात जीवरक्षक वस्तू येतात : सर्पदंशाचे प्रतिविष, तातडीची इंजेक्शने, प्राणवायूच्या सिलिंडरांची खोली, जनित्र. यातील तातडीची औषधे आता भांडारातून काढून अपघात विभागातील कपाटात ठेवली आहेत. त्या कपाटाला कुलपाऐवजी क्रमांक असलेले प्लास्टिकचे मोहोरबंद लावले आहे. ते हाताने क्षणात तुटते. पण तुटले की पुन्हा जोडता येत नाही. कोणी, केव्हा व कोणासाठी तोडले याची नोंद करून लगेच नव्या क्रमांकाचे लावले जाते. यामुळे चोरी अशक्य होत नाही, मात्र ती लपून राहत नाही, आणि रुग्णाला वाट पाहावी लागत नाही.

तिसऱ्या वर्गात जैववैद्यकीय कचऱ्याची खोली, विजेची खोली, गच्ची व पाण्याच्या टाक्या. २०१६ च्या नियमांनुसार कचऱ्याची साठवण सुरक्षित, हवेशीर व बंदिस्त जागी असावी लागते. वापरलेल्या सुया-सलाईनच्या नळ्या भंगारात जाऊ नयेत आणि लहान मुलांच्या हाती लागू नयेत, यासाठी येथे साधे पण न चुकता लावलेले कुलूप पुरते.

चौथ्या वर्गात रुग्ण ज्यांतून ये-जा करतात ती दारे. त्यांत स्वच्छतागृहांची दारे विशेष लक्ष देण्यासारखी. अशक्त रुग्ण आत भोवळ येऊन पडल्यास बाहेरून उघडण्याची सोय हवी. म्हणून तेथे आतली कडी काढून, बाहेरून नाण्याने फिरविता येईल असा खटका बसविला आहे. ही दारे बाहेर उघडणारी केली, कारण आत उघडणारे दार पडलेल्या माणसाच्या अंगाला अडते.

खरेदी करताना एक गोष्ट ध्यानात आली, ती सर्वांना उपयोगी आहे. आठ लिव्हरचे महागडे कुलूप आपण घेतो आणि ते दोन लहान स्क्रूंवर टेकलेल्या कोयंड्याला लावतो. चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही, तो कोयंडा उपटतो. त्या पावसाळी रात्री आमच्या वॉर्डबॉयनेही तेच केले होते! तेव्हा कुलपाआधी चौकट, बिजागऱ्या व कोयंडा तपासावा. पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात आणि खटका भोकात बसत नाही. त्यात कुलपाचा दोष नसतो. आपल्या खान्देशातील उन्हाळ्याची धूळ हाही कुलपांचा मोठा शत्रू आहे. कुलूप जड चालू लागले की आपण खोबरेल तेल सोडतो. त्या तेलात धूळ चिकटून आठवड्यात कुलूप अधिकच जड होते. त्याऐवजी ग्रॅफाइटची कोरडी भुकटी वापरावी.

जी वाट कुलपाने कधीच अडू नये

या पाहणीत सर्वांत गंभीर चूक आढळली ती मागच्या जिन्यापाशी. रात्री बाहेरची माणसे शिरू नयेत, नवजात बालकांची सुरक्षितता राहावी, म्हणून पहारेकरी तेथील चॅनल गेटला कुलूप लावीत असे. हेतू चांगला होता. पण आग लागली असती तर वरच्या मजल्यावरील रुग्णांना तीच एक दुसरी वाट होती.

असे कुलूप माणसांचा जीव घेते, हे जगाने वारंवार पाहिले आहे. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कापड कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ कामगार मृत्युमुखी पडले. एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक दगावले. बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा अडविलेल्या वा बंद होत्या. आपल्या राज्यात ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बालके गेली, आणि ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत अतिदक्षता कक्षातील रुग्ण दगावले. या शेवटच्या दोन घटनांची कारणे निराळी होती. पण जो रुग्ण स्वतः चालू शकत नाही, त्याच्यासाठी एकेक मिनिट किती मोलाचे असते, हे त्यांनी आपणा सर्वांच्या मनावर कोरले.

राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ या बाबतीत स्पष्ट आहे : बाहेर पडण्याचे दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. कागद देणे सोपे आहे. रात्री दोन वाजता ते दार खरोखर उघडते का, हे पाहणे हे आमचे काम.

मग चोरही आत येऊ नये आणि रुग्णही अडकू नये, हे कसे साधावे? याचा उपाय शंभर वर्षांपूर्वीच सापडला आहे. शिकागोच्या इरोक्वॉइस नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक लोक गेले. त्यानंतर कार्ल प्रिन्झलर या लोखंडी सामानाच्या विक्रेत्याच्या कल्पनेतून दाराच्या आतील बाजूस आडवी दांडी बसविण्याची युक्ती निघाली. दांडीवर शरीराचा भार पडला की दार बाहेर उघडते. बाहेरून मात्र ते बंदच राहते. अशा दांडीचे पोलादी दार आता मागच्या जिन्याला बसविले आहे. ते उघडताच घंटा वाजते, त्यामुळे बालकांच्या सुरक्षिततेची चिंताही मिटली. चॅनल गेटचे कुलूप कायमचे काढले.

विजेवर चालणारी कुलपे

कार्डाने किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपे आता तालुक्याच्या गावीही मिळतात. कोण केव्हा आत गेले याची नोंद ती आपोआप ठेवतात आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला की कुलूप न बदलता त्याचे कार्ड रद्द करता येते. हे मोठे लाभ आहेत. पण घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : वीज गेल्यावर हे दार उघडे राहते की बंद? माणसांच्या वाटेवरील दार वीज जाताच उघडणारे हवे. औषधांच्या कपाटाचे बंद राहणारे आणि हाताच्या किल्लीनेही उघडणारे हवे. शेतात राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात आणि परिचारिकेच्या हाती मोजे असतात, हेही लक्षात घ्यावे. आम्ही तूर्त संगणक-कक्षापुरताच याचा वापर केला आहे.

किल्ल्यांचा हिशेब

कुलूप एकदा विकत घ्यावे लागते, किल्ली मात्र रोज सांभाळावी लागते. पाहणीत कितीतरी किल्ल्या अशा निघाल्या की त्या कोणत्या कुलपाच्या हे कोणासच सांगता येईना, आणि काही कुलपांच्या प्रती कोणाकोणाकडे आहेत तेही कळेना. बाजारात काही मिनिटांत दुसरी किल्ली घासून मिळते. त्यामुळे जिचा हिशेब नाही अशी एकही किल्ली बाहेर असेल, तर ते कुलूप नसल्यासारखेच. आता पुढील नियम पाळले जातात.

१. प्रत्येक किल्लीला केवळ क्रमांक आहे, खोलीचे नाव नाही. हरवलेली किल्ली सापडणाऱ्याला ती कोठली हे कळू नये. क्रमांकांची यादी कार्यालयात बंद असते.

२. कोणतीही किल्ली रुग्णालयाबाहेर जात नाही. हा नियम आम्हासही लागू आहे.

३. पाळी बदलताना किल्ल्या मोजून, दोघांच्या सह्यांनिशी सोपविल्या जातात. घेणारा आल्याशिवाय देणारा जात नाही.

४. दुसऱ्या किल्ल्यांचा संच अपघात विभागात काचेच्या पेटीत आहे. काच फोडण्याची मुभा कर्तव्यावरील कोणाही डॉक्टरास वा परिचारिकेस आहे; परवानगी विचारावी लागत नाही, दुसऱ्या दिवशी कारण लिहावे लागते.

५. किल्ली हरवली तर शिक्षा नाही, पण त्याच दिवशी सांगितलेच पाहिजे. कुलूप बदलले जाते. शिक्षेच्या भीतीने लपविलेली हरवलेली किल्ली सर्वांत धोक्याची.

६. सर्व दारे उघडणारी एकच मास्टर किल्ली आम्ही मुद्दाम केलेली नाही. ती सोयीची खरी, पण हरवली तर सारेच सिलिंडर बदलावे लागतात.

किल्ल्यांच्या हिशेबासोबत मालाच्या वाटेचाही विचार करावा लागतो. आपल्या तालुक्यातील चिमठाण्याचा प्रसंग जुन्या मंडळींना ऐकून माहीत असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी सातारच्या प्रतिसरकारातील क्रांतिकारकांनी स्थानिक साथीदारांच्या मदतीने इंग्रज सरकारचा सुमारे साडेपाच लाखांचा खजिना येथेच हस्तगत केला. स्वातंत्र्यासाठीचे ते धाडस आपल्या अभिमानाचा विषय आहे. व्यवस्थापनाच्या नजरेने पाहता त्यातून एवढेच दिसते की, खजिन्याच्या खोलीची कुलपे शाबूत होती. खजिना मात्र वाटेत होता. आपल्याकडेही रोकड बँकेत जाताना आणि औषधे भांडारातून वॉर्डात जाताना कोणतेच कुलूप नसते. त्या वाटेवर दोन माणसे व एक सही हेच कुलूप.

दानपेटीविषयी

देणगीदारांसाठी एक खुलासा. प्रवेशद्वाराजवळील दानपेटीला दोन कुलपे असून एक किल्ली विश्वस्तांकडे व दुसरी लेखा विभागाकडे असते. पेटी दोघांच्या व एका रुग्णाच्या नातलगाच्या उपस्थितीत उघडली जाते, रक्कम तेथेच मोजून नोंद होते व त्यावर तिघांच्या सह्या होतात. ज्याच्या हाती पैसा त्याच्याच हाती वही असू नये, हा हिशेबशास्त्रातील पहिला धडा येथे पाळला जातो. प्रामाणिक माणसावर संशय घेणे हा यातील हेतू नाही. पुढे कोणी त्याच्यावर संशय घेऊ नये, यासाठी ही सोय.

आपणाकडून अपेक्षा

या सर्व बदलांचा खर्च मोठा नव्हता. जुनी कुलपे बरीचशी योग्य दारांवर हलविता आली. मोठा खर्च पोलादी दाराचा होता. तो एका देणगीदारांनी नाव न देण्याच्या अटीवर उचलला. त्यांचे ऋण येथे नमूद करतो. आणखी एका मजल्यावर असे दार बसवावयाचे आहे.

आप्तेष्टांना विनंती अशी की, मागच्या जिन्यापुढे गाद्या, पिशव्या किंवा दुचाकी ठेवू नयेत. तशी वाट अडलेली दिसल्यास कोणत्याही कर्मचाऱ्यास टोकावे. एखादे दार विनाकारण बंद वा विनाकारण उघडे आढळले तरी सांगावे.

त्या रात्री विचारल्या गेलेल्या प्रश्नाला तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता दर महिन्यास एका रात्री, पूर्वसूचना न देता, आम्ही स्वतः अपघात विभागात येऊन प्रतिविषाची पहिली कुपी हाती येण्यास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहतो. गेल्या वेळी एक मिनिटही लागला नाही. ही नोंद हिशेबाच्या वह्यांशेजारी ठेवली आहे आणि कोणाही विश्वस्तास, देणगीदारास वा रुग्णाच्या नातलगास ती केव्हाही पाहता येईल. त्या वहीला कुलूप नाही.